आधी झाडाची बाजू

५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला येत नाही. पदवी मिळाल्यापासून तू मला ज्या नावाने हाक मारतेस ते आठवून हसशील, हरकत नाही. प्रश्न असा: चार इंग्रज पोरांनी माझ्या जन्माच्या कितीतरी आधी केलेली रॉक गाण्यांची एक रेकॉर्ड लोक अजून का ऐकतात? कुठली, ते तुला सांगायला नको. आपल्या घरात रोज संध्याकाळी जी वाजते आणि जिला तू डबडं म्हणतेस, तीच.

आमच्या वाचनालयाच्या ऐकण्याच्या खोलीतही दर रविवारी तीच लावावी लागते. दुसरं काही लावलं की माणसं चुळबुळ करतात. कुलपं दुरुस्त करणारे एक काका स्वतःची उशी घेऊन येतात. निवृत्त झालेल्या एक नर्सबाई चपला काढून पाय समोरच्या खुर्चीवर घेतात. ग्रंथपालबाईंनी सांगितलं की या रेकॉर्डचं महत्त्व अर्ध्या पानात लिहून दे, दारावर लावू. मी लिहिते आणि फाडते. वाचून पाहिलं की परीक्षेतलं उत्तर वाटतं. शेवटी ऐकणाऱ्यांनाच विचारलं. कुलूपवाले काका म्हणाले, तहान का लागते असं कुणी विचारतं का? नर्सबाई म्हणाल्या, तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाही. ही काय उत्तरं झाली?

दमले आहे गं. दिवसभर पुस्तकं जागच्या जागी लावायची आणि संध्याकाळी मोठ्या माणसांचा साक्षरता वर्ग. कामावरून आलेली माणसं उघड्या वहीवर मान टाकून झोपतात. त्यांना उठवताना अपराध्यासारखं होतं. तरी मी उठवते, कारण वाचता आल्याशिवाय त्यांचं काही बदलणार नाही.

पण एक शोध लागला आहे, तो बाबांना लगेच सांग. आपण ही रेकॉर्ड जन्मभर उलटी ऐकली! बाबा झाडाचं चित्र असलेली बाजू आधी लावतात ना? ती दुसरी बाजू आहे. पहिली नुसत्या अक्षरांची, तसं तिच्यावर बारीक इंग्रजीत छापलंच आहे. आणि ही नुसती गाणी नाहीत, क्रमाने सांगितलेली एक गोष्ट आहे. पहाटे एक मुलगा घरातून निघतो, आयुष्यभर राबतो, शेवटी म्हातारा होऊन परततो आणि दिवा मालवतो. सगळ्या गाण्यांचं भाषांतर करून सोबत पाठवलं आहे, बरोबर क्रमाने. इतकी वर्षं आपण काय ऐकत होतो ते बाबांना आता तरी कळेल.

गुडघ्यांना जप. लोभ आहेच, तो माझ्यावरच्या रागाच्या खालोखाल का होईना, राहू दे.

तुझी,
भाची


१९ फेब्रुवारी

चि. पंडितीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

तुझं जाडजूड पाकीट पोचलं. मला वाटलं लग्नाचं बिग्नाचं कळवतेस की काय. माझे गुडघे जिथल्या तिथे आहेत, तेच तर दुखणं. शिंप्याच्या दुकानात काजं करून करून डोळ्यांचीही काजंच झाली आहेत. असो.

तुझा कागद मी दादाच्या हातात दिला. त्याने चष्मा पुसला, दोनदा वाचला, नीट घडी केली.

तू इथे असताना तुझं नाक पुस्तकात असायचं, म्हणून सांगते. दवाखान्याच्या धुलाईघरात दिवसभर ओल्या चादरी इस्त्रीच्या तापलेल्या रुळांत सारून हा माणूस घरी येतो तेव्हा त्याच्यात जीव म्हणून नसतो. बूट काढतो, गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडतो आणि झाडाची बाजू लावतो. ती हळू, रडवेली. तेवढा वेळ तो डोळे मिटून असतो. मग बाजू उलटायला उठावंच लागतं, म्हणून पाय पुसतो. ढोल सुरू झाला की चाकू घेऊन भाजी चिरायला बसतो आणि पाटावर असा ठेका धरतो की शेजारची म्हातारी भिंत ठोकते. त्यानंतर जेवण, गप्पा, कुणाचा नळ दुरुस्त करून दे, कुणाची खुर्ची. वहिनी गेल्यापासून हे घर त्या ढोलावरच उठतं-बसतं. मी डबडं म्हणते, तो माझा हक्क.

ही रेकॉर्ड आली कुठून तेही तुला ठाऊक नसेल. डॉक्टरांची जुनी खोली रिकामी केली तेव्हा मळक्या पडद्यांच्या गाठोड्यात सापडली. मागायला कुणी आलं नाही. दादा तेव्हा म्हणाला होता की अक्षरं शिकलेल्यांची, चित्र तरी आपलं. म्हणून झाड आधी.

शनिवारी त्याने तुझ्या सांगण्याप्रमाणे लावली, तुझा कागद मांडीवर ठेवून. आधी ढोल. पाय बादलीत, करणार काय? ऐकत बसला. उलटून झाडाची बाजू लावली आणि पुन्हा बसला. शेवटचं गाणं संपलं, सुई नुसती खरखरत राहिली, पाणी गार झालं तरी हा हलेना. शेवटी मीच सुई उचलली, जन्मात पहिल्यांदा. तो एवढंच म्हणाला, की असं आहे होय. भाजी त्या दिवशी मी चिरली.

तुझं ते बरोबर, बरोबर असेलही. पण जरा हळू बरोबर असत जा.

आशीर्वाद आहेतच, कितीही वापरलेस तरी पुरतील.

आत्या


२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, पण चूक झाली असं मला वाटत नाही. ज्यांनी ती गाणी केली त्यांनी काहीतरी ठरवून केली असतील ना? शेवट दुःखाचा आहे, कारण तो खरा आहे. मी पुन्हा बरोबर क्रमाने ऐकली, आणि खरंच फार सुंदर आहे. वर्गात मी सगळ्यांना हेच सांगते, की लिहिलंय तेच वाचा, पदरचं घालू नका. मग स्वतःच्या वडिलांना वेगळं कसं सांगू? धुलाईघरात राबणाऱ्या माणसाला सोपं करून द्यावं, हा मला त्याचा अपमान वाटतो.

बाबांना सवय होईल. त्यांना म्हणावं, अजून थोडे दिवस ऐका.

वर्गाला आता मोजकीच माणसं येतात. त्यातले एकजण परवा म्हणाले, बाई, तुम्हीच जरा डोकं टेका, आम्ही गप्प बसतो. सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन मात्र रडू आलं, का ते सांगता येत नाही.

रागावून का होईना, पण लिहीत जा.

तुझी,
भाची


१८ मार्च

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

रेकॉर्ड पाठवतो आहे. धुलाईघरातल्या जुन्या अभ्र्यात गुंडाळली आहे, ओरखडा जाणार नाही.

तुझा कागद चांगला आहे. आमच्या घरात कुणीतरी ती अक्षरं वाचू शकलं याचा मला आनंद झाला, खोटं सांगत नाही. मला शब्द कळत नव्हते, पण वाटायचं की आधी रात्र आहे आणि मग उजाडतं. ढोल वाजला की वाटायचं, चला, उठा. आता कळलं की सकाळ आधीच होऊन गेली होती. गाणं त्यांचं आहे, तेव्हा तेच खरं.

समजणाऱ्या माणसांकडे असावी म्हणून तुझ्या वाचनालयाला देतो. माझ्याजवळ नुसती पडून आहे.

तुझी झोप होते का? जेवायला बसशील तेव्हा पुस्तक मिटून बस. येवढं म्हाताऱ्याचं ऐक.

बाबा


१९ मार्च

चि. पंडितीणबाईंस,
आशीर्वाद.

दादाचं पाकीट काल गेलं. मी आत चिठ्ठी घालीन म्हटलं तर त्याने आधीच डकवून टाकलं होतं. तो कामावर जातो, येतो. आला की बुटांसकट भिंतीकडे तोंड करून पडतो. हाक मारली की हो म्हणतो, उठत नाही. ताट झाकून ठेवावं लागतं. शेजारची म्हातारी विचारून गेली की कुणी आजारी आहे का, भिंत ठोकायला काही मिळत नाही म्हणून.

रविवारी मी भाजी चिरताना पाटावर जरा ठेका धरून पाहिला. माझ्याच्याने ते होईना. हे कुणाला सांगू नकोस.

तुला दोष देत नाही. पण एवढी शिकलीस, तर यावर काहीतरी कर.

आत्या


३० मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं आणि बाबांचं, दोन्ही पत्रं उशीखाली ठेवून झोपले आणि झोप काही आली नाही.

रेकॉर्ड आल्यावर ग्रंथपालबाई हरखून गेल्या. म्हणाल्या, काचेच्या कपाटात ठेवू. मी रविवारपर्यंत थांबायला सांगितलं. रविवारी वाचनालयाची रेकॉर्ड बाजूला ठेवली आणि बाबांची लावली. आधी झाडाची बाजू. कुलूपवाले काका लगेच म्हणाले, पोरी, उलटी लागली. मी सांगितलं, आमच्या घरी अशीच लागते. ते पुटपुटले की काय घर आहे, आणि उशी मानेखाली सारून बसले.

एरवी या रेकॉर्डच्या शेवटी कुणी उठत नाही. दिव्याचं बटण वरखाली करून मला माणसं बाहेर काढावी लागतात. मला आजवर वाटायचं की ही त्यांची तन्मयता आहे. आत्या, ती दमलेली माणसं आहेत, उठायचं बळच नसतं त्यांना. त्या दिवशी दिवा मालवण्याचं गाणं मध्येच येऊन गेलं, मी बाजू उलटली आणि ढोल सुरू झाला. नर्सबाईंनी पाय खाली घेऊन चपला शोधल्या. गाणी संपायच्या आत सगळे उभे होते. काका जिन्याच्या कठड्यावर ठेका धरत खाली उतरले, ते उशी इथेच विसरून. मीही खुर्च्या लावता लावता गुणगुणत होते. कितीतरी दिवसांत असं झालं नव्हतं.

प्रश्नाचं उत्तर मला अजूनही येत नाही. अर्धं पान माझ्याने होणार नाही, असं बाईंना सांगून टाकलं. करणाऱ्यांनी गोष्ट सकाळपासून सुरू केली, ते त्यांचं बरोबर. पण ऐकणारा संध्याकाळी घरी येतो, हे मी भाषांतरात कुठेच लिहिलं नव्हतं.

काचेच्या कपाटाला मी नाही म्हटलं. रेकॉर्ड त्याच अभ्र्यात गुंडाळून परत पाठवली आहे, बाबांच्या नावे नाही, तुझ्या. ते यायच्या वेळी पाणी गरम ठेव आणि तूच लाव. सुई एकदा उचलली आहेस, आता टेकवायला शीक, अलगद. त्यांनी विचारलं की बरोबर बाजू कुठली, तर म्हणावं, पंडितीणबाई झाडाची म्हणतात. मात्र उलटायला तू उठू नकोस, काही झालं तरी. ते काम त्यांचं.

पार्सल आज सकाळीच टाकून आले, तेव्हा आता नको म्हणायची सोय नाही.

भिंत ठोकल्याचं कळलं की मला लिही. तोवर आहे तो लोभ तसाच असू दे, मी वाट पाहते आहे.

तुझी,
भाची