शेवटच्या कोऱ्या पानावर

खालची वाडी, आचरा
ता. १७ नोव्हेंबर १९५८

ती. नीरजाताईस सहदेवचा सा. न. वि. वि.

वर आचरा वाचून म्हणशील, हा रेडीला होता ना? होतो. खनिजाची पाटी पायावर पडली, अंगठा फुगून कोकमाएवढा झाला, आणि मुकादमाने घरी पाठवले. येताना वेंगुर्ल्याला गलबतावरचा एक तांडेल भेटला. त्याच्याकडे बोलणारी मैना आहे. ती फक्त शिव्या देते, पण इतक्या गोड की माणूस थांबून ऐकतो. असो. आता मी ओटीवर पाय वर करून बसलो आहे आणि आईला कामाला कोणी मिळाले म्हणून ती मला कांदे सोलायला लावते.

तू वाडीच्या वाचनालयाच्या कपाटासाठी पाठवलेली पुस्तके पोचली. कपाट अजून देवळाच्या धर्मशाळेतच आहे आणि किल्ली अप्पांच्या जानव्याला. अप्पांचे कौतुक करायला हवे. पोस्टातून निवृत्त झाल्यावर मालवणहून बैलगाडीने कपाट आणले त्यांनीच, डांबराच्या गोळ्या घालतात तेही तेच. फक्त पुस्तके वाचत नाहीत. कव्हर बघून कोणते कोणाला द्यायचे ते ठरवतात.

त्यांतले ‘दीपगृहावरील सावट’ वाडीत फार गाजले. शेवटच्या कोऱ्या पानावर अभिप्राय लिहायची आमच्याकडे पद्धत आहे, ते पान एका महिन्यात अर्धे भरले. शंकरने लिहिले, झकास, पण दीपगृहाचा जिना असा नसतो. भिकाजीने लिहिले, एकट्याने वाचू नये. मी लिहिले की यातला फौजदार बावळट आहे, त्याच्यापेक्षा आमची मांजर लवकर माग काढील.

आणि खरी गंमत दुपारची. आपल्या खळ्यात बायका सुंभ वळायला बसतात, तेव्हा आनंदीवहिनी मोठ्याने वाचते. तू मे महिन्यात तिला अक्षरे शिकवून गेलीस, ती आता बघ. जोडाक्षर आले की थांबते, घसा खाकरते आणि उडी मारल्यासारखी पार होते. दीपगृहाचा रखवालदार जिन्याखाली मरून पडला म्हटल्यावर राधाबाईंच्या हातातले सुंभच सुटले. राधाबाईंचा संशय स्वयंपाक्यावर. आईचा पहिल्या दिवसापासून रखवालदाराच्या बायकोवर. कारण काय, तर नवऱ्यावर रडताना तिचा नीटनेटका पदर. म्हणे, “घोव मेलो तरी हिका रडूक पदर बरो गावता.” यावरून दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. शेवटचे प्रकरण तेवढे उरले आहे.

पाय बरा झाला की रेडीला परत. नाहीतर गोव्याकडे. नक्की काही नाही.

लोभ ठेव, आणि माझे अक्षर लागले नाही तर शेजारच्या वैद्याला दाखव.

तुझा
सहदेव

•

सावंतवाडी
ता. २४ नोव्हेंबर १९५८

चि. सहदेव यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वैद्याला न दाखवता वाचले. पायाला हळद लाव, आणि गोव्याकडे जायचे डोक्यातून काढ, तिथली पोर्तुगीज हद्द म्हणजे धर्मशाळा नव्हे.

परंतु आजच अप्पांचेही कार्ड आले, त्याने मन थाऱ्यावर नाही. आनंदीवहिनीने त्या पानावर अभिप्राय लिहिला आहे म्हणे: “तिने नवऱ्याला ढकलले ते बरोबर केले. फाशी द्यायची तर हे पुस्तक लिहिणाराला द्यावी. सौ. आनंदी.” वाचून मी आधी हसले, हे तुला म्हणून सांगते. मग पुढे वाचले. तिने ते स्वतःच्या हाताने खोडले नाही, तर बायकांना पुस्तक मिळणार नाही आणि दुपारचे वाचन बंद, असे अप्पांनी ठरवले आहे.

माझे ऐकशील तर वहिनीला समजाव. एक ओळच ती. त्यापायी बायकांची दुपार जाऊ नये. अप्पांशी भांडून कपाट उघडत नाही, हे मी शाळा तपासनीसांपुढे उभी राहून शिकले आहे. खोडावी, आणि गप्प राहून पुढचे पुस्तक घ्यावे.

आत्याला नमस्कार. लोभ तर आहेच, शहाणपणाही थोडा असावा.

तुझी
नीरजाताई

•

खालची वाडी, आचरा
ता. १ डिसेंबर १९५८

ती. नीरजाताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचले आणि राग आला. नमस्कार घातला आहे तो रागानेच घातला आहे.

तुझे म्हणणे मी वहिनीला जसेच्या तसे सांगितले. ती मासळी चिरत होती. विळीवरून हात न उचलता म्हणाली, “नीरजान माका लिवक शिकवल्यान. खोडूक शिकवक नाय.” आता याच्यावर तूच उत्तर काढ, मास्तरीण तू आहेस.

झाले ते असे. पुस्तक शनिवारी परत करायचे, म्हणून तिने शेवटचे प्रकरण एकटीने चुलीपाशी वाचले. त्या दुपारी बायकांना वाचून दाखवून संध्याकाळी देऊ असा विचार. पण तेवढ्यात पान पुढे आले आणि तिने लिहिले. मला दाखवलेसुद्धा. ओळ जरा चढावर गेली होती, पण काना-मात्रा सगळी जागच्या जागी. मी म्हटले, वहिनी, पक्के लिहिलेस. अप्पा सकाळीच पुस्तक न्यायला आले, त्यांनी पान उघडले आणि पुस्तक बगलेत मारून थेट बंदरावर तिच्या नवऱ्याकडे, आमच्या भाईकडे गेले.

भाईला तू ओळखतेस. होडीवर वाघ, घरात शब्द नाही. अप्पा त्याला म्हणाले की उद्या कोणी हे वाचले तर लोक काय समजतील, तुझ्या घरात काय चालते म्हणून विचारतील. ते त्याला लागले. त्याने जन्मात वहिनीवर हात उचललेला नाही, आणि आता चार माणसांत हात दाखवत सांगायचे काय? घरी येऊन म्हणाला, खोड, विषय संपव. ती म्हणाली, तुमच्याविषयी लिवक नाय, पुस्तकातल्या घोवाविषयी लिवलंय. तो म्हणाला, लोकांना काय कळते. ती म्हणाली, मग लोकांका वाचूक देवा. तेव्हापासून तो जेवतो आणि उठतो.

आणि ताई, शंकर लिहितो जिना चुकला, ते चालते. मी फौजदाराला मांजरीहून बावळट म्हटले, ते चालते. अप्पा हसले होते त्यावर. तिने लिहिले तेव्हाच पान विटाळले काय? मी अप्पांना हे तोंडावर विचारले. ते म्हणाले, तू सहावीतून पळालेला, तू बोलू नकोस. मी म्हटले, ती तर शाळेत गेलीच नाही, म्हणजे माझ्यापेक्षा कमी पळालेली.

आई वहिनीशी बोलत नाही, पण कारण वेगळे. अप्पा ती ओळ कोणा बाईला दाखवीत नाहीत आणि वहिनी खुनी कोण ते सांगत नाही, म्हणून. वाचायचे ठरले आहे, तर वाचूनच कळेल, असे वहिनीचे म्हणणे. आई भांडी आपटते आणि मला फितवते. मी सांगितलेले नाही. अंगठा दाबून बघितला तिने, तरी नाही.

आता शेवटचे. अप्पांनी ठरवले की येत्या सोमवारी देवळात कौल लावायचा. ओळ खोडायची की ठेवायची, देव सांगेल. भाई हो म्हणाला. वहिनीही हो म्हणाली, पण तिची नजर मला बरी वाटली नाही. देवाने खोड सांगितले तरी ती खोडील असे मला वाटत नाही, आणि मग वाडीत तिचे काय होईल ते तुला सांगायला नको.

तू कोणाच्या बाजूने आहेस ते स्पष्ट लिही. लोभ त्याच्यावर अवलंबून नाही, पण थोडा आहे.

सहदेव

•

सावंतवाडी
ता. ४ डिसेंबर १९५८

चि. सहदेव यास आशीर्वाद.

शाळेतून आल्याबरोबर लिहिते आहे, टपाल निघायच्या आत. माझे आधीचे पत्र फाडून टाक. तपासनीसांपुढे इतकी वर्षे उभी राहून मी खोडायलाच शिकले, हे वहिनीच्या एका वाक्याने मला कळले.

तिला सांग, ओळ राहू दे. कौल कसाही लागो. आणि कपाट बंद झाले, तर माझी पुस्तके अप्पांना मागून घे आणि आपल्या खळ्यात ठेव. मी तसे त्यांनाही आजच कळवले आहे, शाईने, खाडाखोड न करता.

काय घडते ते ताबडतोब लिही. मैनेबद्दल लिहू नकोस. आधी हे.

आशीर्वाद आणि लोभ दोन्ही वहिनीला माझ्याकडून अर्धे अर्धे दे.

नीरजाताई

•

खालची वाडी, आचरा
ता. ९ डिसेंबर १९५८

ती. नीरजाताईस सहदेवचा दोन्ही पायांवर उभा राहून सा. न. वि. वि.

मैनेबद्दल लिहीत नाही. काल सकाळी सगळी वाडी देवळात. बायका सभामंडपात डावीकडे, पुरुष उजवीकडे, भाई खांबामागे, म्हणजे दिसू नये आणि सगळे दिसावे असा. अप्पांनी पुस्तक पुरावा म्हणून आणले होते, फडक्यात बांधून. गंगाराम गुरवाने पाषाणावर पाणी घातले आणि दोन ओल्या पाकळ्या लावल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. उजवी आधी पडली तर ओळ खोडायची. डावी पडली तर ठेवायची. मग त्याने गाऱ्हाणे घातले, सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटले, आणि बसलो.

पाकळ्या पडेनात. थंडीचे दिवस, पाषाण गार, त्या चिकटल्या त्या चिकटल्या. भिकाजी पेंगला. बायकांत कुजबुज सुरू झाली. शेवटी राधाबाई उठल्या आणि अप्पांना म्हणाल्या की ती ओळ कशावर लिहिली ते आम्हाला ठाऊकच नाही. शेवटचे प्रकरण आम्ही ऐकलेले नाही. न ऐकता कौल कसला? अप्पा म्हणाले, देवळात खुनाचे पुस्तक? तेव्हा गंगारामच म्हणाला की पुराणातसुद्धा माणसे काही आजारी पडून मरत नाहीत.

अप्पांनी फडके सोडले. काय करणार, पुस्तक त्यांनीही वाचले नव्हते, आणि ते आता उघड व्हायला आले होते.

वहिनी खांबाला टेकून बसली आणि वाचू लागली. ताई, तू असायला हवी होतीस. ती बाई जिना चढते, हातात कंदील, वर नवरा दारू पिऊन उभा, तिच्या अंगावरचे जुने वळ, खाली जिन्याचा काळोख. जोडाक्षरे आली, पण वहिनी थांबली नाही. “तिने कंदील खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी ढकलले” हे वाक्य वाचले तेव्हा गंगाराम सवयीने मोठ्याने व्हय म्हाराजा म्हणाला, आणि कोणी हसलेसुद्धा नाही. आईने राधाबाईंच्या मांडीवर थाप मारली, माझा संशय खरा ठरला म्हणून. भाई खांबामागून पुढे आला होता. अप्पा चष्मा काढून ऐकत होते, जणू चष्म्याने कानाला अडचण होते. शेवटी त्या बाईला फाशीची शिक्षा होते, तेही पान वहिनीने पुरे केले.

मग भिकाजीला कौलाची आठवण झाली. बघतो तर दोन्ही पाकळ्या खाली. कोणती आधी पडली? गंगारामला विचारले, तो म्हणाला मी ऐकत होतो. अप्पांना विचारले, ते माझ्याकडे बघू लागले. मी वहिनीकडे बघत होतो. अख्खी वाडी देवापुढे बसली होती आणि देवाकडे बघायला एक माणूस नव्हता.

अप्पा म्हणाले, पुन्हा लावा. गंगारामने हात जोडले, एका दिवशी एकच गाऱ्हाणे दोनदा घालीत नाहीत, देव रागावतो. तेव्हा भाई पुढे आला. मला वाटले आता तिला म्हणणार, खोड. तो अप्पांना म्हणाला की पुस्तकातल्या त्या माणसासारखा मी नाही, हे ज्याला कळत नाही त्याने माझ्या होडीवर येऊन विचारावे, घरच्या बाईच्या ओळीला हात लावू नये. आणि परत खांबामागे गेला.

मी समजलो, संपले. पण आई उठली. म्हणाली, तिला शिक्षा झाली ते योग्यच झाले. नवरा वाईट असला तर माहेरी जावे, चार लोकांना सांगावे, जीव घ्यायचा अधिकार कोणी दिला? आणि वहिनीला म्हणाली, लिही माझे पण. वहिनीने पेन घेतले. आईने सांगितले तसे, एक शब्द इकडचा तिकडे न करता, आपल्या ओळीच्या खालीच लिहिले: “तिने केले ते पाप. फाशी बरोबर. कृष्णाबाई.” लिहिताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण अक्षर आपल्या ओळीपेक्षा सरळ काढले.

अप्पा खूश झाले. म्हणाले, हे कसे जाणत्या बाईचे मत. हे राहू द्या, वरचे तेवढे खोडा. आणि स्वतःच पेनाला हात घातला.

आईने पुस्तक मिटून काखेत घेतले. म्हणाली, “अप्पानू, तिचा खोडशात तर मी भांडतलंय कोणावांगडा?”

सुनेशी भांडायला ओळ हवी म्हटल्यावर अप्पांनी जानव्याची किल्ली सोडली. कपाट उघडले, पुस्तक आत गेले, दोन्ही ओळी त्यात. आज दुपारी खळ्यात सुंभ कोणी वळले नाही. सासू-सुना त्या बाईवरून भांडत होत्या आणि राधाबाईंना दोघींचेही पटत होते.

मी उद्या रेडीला निघतो. आमच्यावर लोभ करायचाच असेल तर पुढचे पुस्तक जाड पाठव, आणि शेवटी कोरी पाने जास्त असलेले बघून घे.

तुझा
सहदेव