बाबांनी फोडलेली सुपारी

२ फेब्रु.
लेकीचं, कविताचं जमलं. उंबरमाळीचे पाहुणे, मुलगा रेल्वेत. सुपारी आपल्याच दारात फोडायची, येत्या रविवारी. बाबा सकाळपासून ओट्यावर बसून हुकूम सोडतायत. सुनेला, सुनंदाला म्हणाले, "सुपारी तेवडी चांगली आण गो. बाकी कमीजास्त झालं तरी चालंल." पोरगी लाजून आत पळाली. बरं वाटलं आज.

४ फेब्रु.
वैशाखऱ्याहून किन्हवलीमार्गे शहापूर, बाइकवर कंबर मोडली. शेठच्या गोदामात कंटेनर आलाय. परदेशी अक्षरांच्या गोण्यांतून सुपारी काढून साध्या गोण्यांत भरायची. पलटी म्हणतात आमच्यात. बायका गावातल्याच, मीच कामाला लावल्या.
माल एका देशाचा, कागद दुसऱ्याच देशाचा. त्या दुसऱ्याशी आपला करार आहे, त्याच्या मालाला जकात नाही. शेठ म्हणाला, "स्मगलिंग गेलं जुन्या काळात, सुपरवायझर. आता खुला व्यापार." मी हसलो. कशाला हसलो कोण जाणे.
घरी बाबांनी विचारलं, "काय माल आला रे?" म्हटलं, धान्य. रोजचंच.

६ फेब्रु.
जेवताना बाबांनी कविताला परत तीच गोष्ट सांगितली. ते गोदीत कस्टमचे शिपाई होते तेव्हाची. पोटाला पट्ट्यानं घड्याळं बांधून उतरणारा खलाशी, त्याला धरला तर त्यानं बाबांचं कपाळ फोडलं. खूण अजून आहे. "आन् आता तीच घड्याळं म्हशाच्या जत्रेत ढिगानं. सरकारनं दारं उघडली, चोरांचा धंदाच बसला." हसत होते. धंदा बसला नाही बाबा, माझ्याकडे आलाय.
हे फक्त इथंच लिहिलं.

७ फेब्रु.
सुपारी बाजारातून कशाला, गोदामात डोंगर पडलाय. गोल, चकचकीत वेचून रुमालात बांधून आणली. सुनंदा म्हणाली, "इकत नाय का आणायची? शुभकार्य हाय." मी उगाच खेकसलो तिच्यावर.
बोटीत ओल लागलेल्या मालाला आम्ही गंधकाची धुरी देतो. चकाकी त्याचीच. मला माहीत होतं की. पण रोज बघून बघून तीच खरी वाटायला लागली.

९ फेब्रु., रवि.
पाहुणे आले, ओटा भरला. घरातले मोठे म्हणून अडकित्ता बाबांच्या हातात. पहिली फोडली. आत काळी भुकटी. दुसरी फोडली, तीही तशीच. व्याही आधी सुपारीकडे बघतात, मग माझ्याकडे. कविताचा चेहरा पांढरा पडला.
बाबांनी वास घेतला. माझ्याकडे बघितलंच नाही. व्याह्यांना म्हणाले, "चूक माजी. डोळ्यानं दिसत नाय आता. मुरबाडच्या बाजारातनं मीच घेतली."
बाबा दिवाळीपासून मुरबाडला गेलेले नाहीत.
शेजारच्या वहिनीनं घरातली सुपारी धावत आणून दिली, ती फोडली, वाटली. व्याही म्हणाले, "असू द्या आजोबा, व्हतं असं." पार पडलं सगळं. मी पंगतीत वाढत होतो, मान वर होत नव्हती. या माणसाला कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा बोलले ते माझ्यासाठी, नातीच्या सुपारीत. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

१० फेब्रु.
बाबा बोलत नाहीत. विचारतही नाहीत. आज "काय माल आला" सुद्धा नाही. शिव्या घातल्या असत्या तर सुटलो असतो.

१३ फेब्रु.
गोदामावर कस्टमवाले आले. सील ठोकलं. बायकांना ओळीनं बसवलं. साहेबानं विचारलं, तुम्हाला कामाला कुणी लावलं? एकीनंही माझं नाव घेतलं नाही. मी तिथंच उभा, मीही नाही घेतलं.
मला सोमवारी जबाबाला बोलावलंय. शेठचा फोन: "माल कर्नाटकचा सांग. गोण्या बायकांनी बदलल्या, तुला ठाऊक नाही." म्हणजे बायकांवर ढकलायचं. मी "हो शेठ" म्हटलं. तोंडाला सवयच झालीय त्या दोन शब्दांची.

१६ फेब्रु., रवि.
गावात कळलंच होतं, बाबांनाही कळलं. सकाळी चुलीपाशी येऊन बसले.
"सुपारी त्यातलीच ना रे?"
मी मान हलवली.
बाबांनी उठून ट्रंकेतला जुना खाकी सदरा काढला, झटकला, उन्हात टाकला. "उद्या मी येतो तुज्यासंगं." सुनंदा नको म्हणाली, ऐकत नाहीत. शेठ काय म्हणाला ते त्यांना सांगितलेलं नाही. मी काय बोलणार तेही नाही. मलाच ठाऊक नाही.
आत्ता परत आले, दारात उभे राहिले. "तितं साहेब इचारंल, बाबा तुमी कोन? काय सांगू? कस्टमचा शिपाई, का तुजा बाप?"
मी म्हटलं, चहा घ्या.
अजून तिथंच उभे आहेत.