उलटं फिरणारं चाक

गुरुवार, १२ फेब्रुवारी

ती. बाबा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? दादा म्हणतो, तुम्ही व्यायाम केला असं सांगता आणि करत नाही. मी त्याच्याच बाजूनं आहे. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर मधेच "बरं, ठेव आता" म्हणायची तुमची सवय.

इकडे सांडपाण्याच्या प्लांटवर दोन महिने एक कोडं पडलं होतं. टाकीतलं पाणी काचेच्या भांड्यात अर्धा तास ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. तर अधूनमधून गाळ बसायचं नावच घेईना. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर एरवी देठावर डोलत घाण फस्त करणारे आपले जीव अंग आक्रसून गप्प. यांचं बिनसलंय तरी काय, या विचारानं मला जेवण सुचेना. मग तारखा मांडल्या. दर वेळी अमावस्या नाहीतर पौर्णिमा, म्हणजे मोठी भरती. पाणी तपासलं, तर खारट!

टाकी टाळून पाणी थेट समुद्रात सोडायचा जो जुना बायपासचा पाइप आहे, त्यातून समुद्रच आत येत होता. पण त्याचा व्हॉल्व्ह तर दोन महिन्यांपूर्वी आलेल्या आमच्या नव्या ऑपरेटरनं आल्या आल्या चांगला आवळून ठेवलेला. मी चाकावरचा रंग खरवडत बसले. तीन थरांखाली बाण निघाला. बाबा, तो व्हॉल्व्ह उलटा आहे. डावीकडे फिरवला की बंद होतो. आपण आवळतो, तेव्हा तो उघडतो.

इथपर्यंत लिहून दोनदा चहा करून आले.

सहा वर्षांपूर्वी, तुम्ही इथले साहेब असताना, टाकीतले सगळे जीव असेच मेले, तेव्हा फिटरकाकांनी व्हॉल्व्ह उघडा टाकला, असं तुम्ही लिहून दिलंत. त्यांची नोकरी गेली. काल त्यांच्या पंपदुरुस्तीच्या दुकानात जाऊन आले. म्हणाले, "मी बंद करूनच गेलो होतो. उलटं फिरतं, हे साहेबांना सांगितलंही होतं. साहेब म्हणाले, मला शिकवू नकोस, आणि स्वतः आवळला." शेवटच्या दिवशी निघताना त्यांनीच तो परत बंद केला, म्हणून इतकी वर्षं निभावलं. तुम्हाला वाटलं, ते गेले म्हणून प्लांट सुधारला. मलाही तसंच वाटलं.

नाही, हे खोटं लिहिलं मी. नोकरी गेल्यावर ते आपल्या दारात आले होते. "एकदा साहेबांशी बोलू दे," म्हणाले. तुम्ही आत पेपर वाचत होता, मला हातानं खूण केलीत, आणि मी सांगितलं की बाबा घरी नाहीत. हा माणूस खरं बोलतोय, हे मला तेव्हाच त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. तरी मी दार लावून घेतलं. त्याची मला फार लाज वाटते.

सोमवारी मी अहवाल देतेय. त्यात तुमचं नाव आहे. खोडून पाहिलं, पण मग अहवालात काही उरत नाही. तुम्ही चिडाल, महिनाभर बोलणार नाही, हे धरूनच लिहितेय.

रविवारी सकाळी मी काकांना घेऊन तुमच्याकडे येतेय. ते लगेच तयार झाले. एवढंच विचारलं, "साहेब घरी असतील ना?"

मी हो म्हटलंय.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
धाकटी