लाईन चालू असली की आंगणात

बाबा, तुमच्या फोनच्या फळीवर आता नेटची पांढरी डबी बसली आहे. मायनं फोनसाठी विणलेला जाळीचा रुमाल मी मोठ्या हौसेनं तिच्यावर टाकला होता, तर केबलवाला म्हणे, "आत्या, गरम होते वो ते, झाकू नोको." तेव्हापासून रुमाल खाली आणि डबी वर. हे मी कागदावर लिहून राहिली, कारण मोबाईलमध्ये लिहिलेलं माझी पोरगी तिकडून पाहू शकते म्हणे. माझे फोटो हरवू नये म्हणून तिनंच तसं काहीतरी जोडून ठेवलं आहे. आणि हे तिनं वाचू नये असं मले वाटते.

आसगावात आपल्या गल्लीतला पहिला फोन तुमचा. लाखांदूरच्या गाडीवरून तुम्ही घरी यायचे, कंडक्टरची बॅग खुंटीले लावायचे, आणि फोन वाजला की हॅलो-बिलो काही नाही, "जयभीम, बोला." फोन आपल्यासाठी क्वचितच असे. अख्ख्या गल्लीनं आपापल्या नातेवाईकायले आपलाच नंबर देऊन ठेवला होता, पीपी नंबर म्हणून. तुम्ही म्हणायचे, "पाच मिनिटानं लावा, बोलावून घेतो," आणि मी चपला न घालता पळायची. ज्याचा फोन तो आला, घंटी पुन्हा वाजली, की आपण सारे घराबाहेर. तुम्ही, माय, मी. जेवत असलो तर ताट हातात घेऊन आंगणात. पाहुणे आले तर त्यायलेही तुम्ही उठवायचे. आपल्याच घरातून आपल्याले हाकलते हा माणूस, म्हणून माय किती चिडायची, आठवते?

एकदा मी नाही गेली आंगणात. समोरच्या मावशीचा फोन होता, तिचा नवरा सुरतले होता, आणि मी दाराआड उभी राहून सारं ऐकलं. दुसऱ्या दिवशी हापशीवर मावशीचा आवाज काढून दाखवला, "कधी येता जी, सांगा न," आणि पोरी हसून हसून पडल्या. तुमच्या कानावर आलंच ते. मले वाटलं, आता झापड बसते. तुम्ही मारलं नाही. बॅगेतली चिल्लर मोजत, माझ्याकडे न पाहता बोलले, "बेटा, गाडीत दिवसभर लोक बोलत राहतात. कंडक्टरले कान नसते." बस, तेवढंच. पण त्यानंतर घंटी वाजली की सगळ्यात आधी मी आंगणात. इतकी लाज वाटली होती मले.

आता पोरीचं सांगते. तुम्ही गेले तेव्हा ती कडेवर होती, आता ती पुण्याच्या एका कंपनीत कामाले आहे, पण आतापर्यंत बसायची इथंच, तुमच्या खोलीत, कानाले ते हेडफोन लावून. लोकायच्या विम्याच्या तक्रारी ऐकायची, समजावून सांगायची. मले सुरुवातीले खरंच वाटेना. खिडकीबाहेर धानाची बांधी, आणि आत तिच्याशी मुंबईचा माणूस बोलून राहिला, एकाच घरात! मी तर साऱ्या गावाले सांगत सुटली, माझी पोरगी नोकरीवर आहे आणि माझ्याच हातचं जेवते. नवरा गेल्यावर मी या घरात परत आली तेव्हापासून आम्ही दोघीच, बाबा. ती पुण्याले गेली तर या घरात माझ्याशी बोलणारं कोणी राहणार नव्हतं. मी हे तिच्यापुढं कधी म्हटलं नाही. पण तिले समजत नसन का?

चूक माझीच, आणि ती तुमच्या फोनमुळं झाली. नेट घ्यायचं ठरलं तेव्हा मीच म्हटलं, पाच घरी पाच डब्या कायले? एकच घेऊ, आपल्या फळीवर ठेवू, फोन चालत होता तसं चालन. सारे खूश. स्वस्तात पडलं, आणि गल्ली पुन्हा आपल्या घराशी जोडल्यासारखी झाली. मले कुठं माहीत की फोनवर एक जण बोलला की बाकीचे थांबत, नेटवर कोणी कोणासाठी थांबत नाही. एका घरी सिरीयल, दुसऱ्या घरी पोट्ट्यांचे गेम, मावशीचा नातू मॅच पाहून राहिला, आणि इकडं माझी पोरगी "हॅलो सर, हॅलो, आवाज येतोय का" करत घामाघूम. वरून वांदरं. करांडल्याच्या जंगलातून येतात, तारेले लोंबकळतात, झोके घेतात, आणि लाईन गुल. असं तीनदा झालं. मग साहेबाचा निरोप आला की शुक्रवारी दुपारी मिटिंग, त्यात ठरन, घरून काम चालू ठेवायचं की पुण्याले यायचं.

त्याच दिवशी निघाली मी चांगली लाईन शोधाले. सरकारी टेलिफोनवाल्यांकडं गेली, तर तुमच्या वेळची तार केव्हाच मेली म्हणे, नवी कधी येईन ते त्यायलेच माहीत नाही. कोंढ्याच्या एका मास्तरणीकडं छतावर मोठ्या कंपनीची नेटची छत्री आहे असं ऐकलं, तर बसनं तिथं गेली. ती म्हणे, "ऊन असलं की मस्त चालते ताई, आभाळ आलं की रुसते." त्या कंपनीचा पोरगा घरीही येऊन गेला, टाय लावून. म्हणे, "सहा महिन्यांचे पैसे आधी भरा, आंटी, मग टेन्शनच नाही." मी विचारलं, "बंद पडलं तर कोण येईन?" म्हणे, "ॲपवर कम्प्लेंट टाकायची." मी म्हटलं, "ते ॲप चालाले नेट लागन न रे बाप्पा!" तो हसला. मले हसू नाही आलं.

राहिला आपला केबलवाला. तुमच्या दोस्ताचा नातू, माझा हात धरून चालाले शिकला. त्याची लाईन स्वस्त, बंद पडली की स्वतः शिडी घेऊन चढते. मी त्याले वेगळी लाईन मागितली, फक्त पोरीच्या कामाची. तो म्हणे, "देतो न आत्या, पण चौकातल्या तारांच्या पेटीत जागा नाही, सामान भंडाऱ्याहून यायचं आहे, शुक्रवारच्या आधी नाही होत." मी त्याच्यावर अशी खेकसली की तो बिचारा चहा टाकून उठला. घरी येऊन पोरीले सारं सांगितलं, ही लाईन अशी, ती तशी, तू सांग कोणती घेऊ. तिनं मोबाईलातून मान वर केली नाही. "घे मम्मी, तुले वाटते ते." एवढंच! मी तडकली. म्हटलं, "तुझ्यासाठी दारोदार फिरून राहिली मी, अन् तुले काही पडलंच नाही का?" ती उठून खोलीत गेली. मले वाटलं घाबरली आहे.

म्हणजे शुक्रवार त्याच पाच घरच्या लाईनवर काढायचा होता. एकच रस्ता होता, चार घरी जाऊन सांगायचं की तेवढा वेळ नेट बंद ठेवा. पासवर्ड बदलला असता तर झालं असतं, पण तुमच्या फळीवरून कोणाले नाही म्हणाले माझी जीभ उचलेना. गेली शेवटी. आधी मावशीकडं. आता ऐकू कमी येते तिले, ओरडून सांगावं लागलं. तिनं सारं ऐकलं आणि म्हणे, "काकाजी होते तवा आमचा फोन आला का तुमी सारे आंगणात बसा. आता तुमच्या पोरीचा फोन हाय, तं आमी बसतो. त्यात काय व?" आणि तिनंच मग बाकीच्या घरी दम भरला.

बाबा, शुक्रवारी तुम्ही असायले पाहिजे होते. भर दुपारी अख्खी गल्ली आंगणात. मोबाईल बंद, टीव्ही बंद. पोट्टे चिंचेखाली बसवलेले, एकानं तोंड उघडलं की मावशीची काठी त्याच्याकडं वळे. केबलवाला चौकात, पेटीच्या बॅटरीपाशी, हातात बांबू, नजर वांदरांवर. बाया तांदूळ निवडत होत्या तेही आवाज न करता. मी उंबऱ्यापासून दूर बसली होती, नियमानं, आणि सुपातले तांदूळ खाली सांडत होते तरी मले समजेना. आतून पोरीचा आवाज येत होता, शब्द समजत नव्हते. चालू आहे न, चालू आहे न, एवढंच मी मनात म्हणत होती.

आणि लाईट गेली. आमच्या खिडकीतला कूलर घरघरून थांबला तसं साऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी उठून पळाली आत, फळीवरची बत्ती पाहाले. डबीले बॅटरी लावून दिली होती केबलवाल्यानं, पण माझा भरोसा कुठं. हिरवी होती, बाबा. एकदम हिरवीगार, लुकलुक नाही काही नाही. मी श्वास सोडला. तेव्हाच आंगणात परतायला पाहिजे होतं. पाय निघाला नाही. पोरगी पलीकडच्या खोलीत, दार लोटलेलं, आणि कूलर बंद पडल्यामुळं शब्द न शब्द ऐकू येत होता.

हेडफोन लावलेच नव्हते तिनं त्या दिवशी, साहेबाचा आवाज लॅपटॉपातूनच बाहेर येत होता. साहेब मराठीच होता. म्हणत होता, "तुमचं काम चांगलं आहे, आज आवाजही स्वच्छ येतोय, तुम्हाला घरूनच करायचं असेल तर आमची हरकत नाही." मले तिथंच रडू फुटणार होतं. आणि माझी पोरगी त्याले म्हणाली, अगदी हळू, "सर, मला पुण्याला यायचं आहे. केव्हाचं यायचं आहे. फक्त मेलमध्ये नेटवर्कमुळे बोलावतोय असं लिहाल का? मम्मीला तेवढं बरं वाटेल."

मी आंगणात येऊन बसली. सूप मांडीवर घेतलं. थोड्या वेळानं ती बाहेर आली, साऱ्या गल्लीपुढं उभी राहिली, आणि माझ्याकडं न पाहता म्हणाली, "नाही जमलं मम्मी. लाईट गेली तशी लाईनही गेली. साहेब म्हणतात पुण्यालेच ये." जो गोंधळ उडाला म्हणता! मावशी कपाळावर हात मारून बसली. पोट्टे म्हणाले, आम्ही तर काहीच लावलं नव्हतं. सारे तुटून पडले केबलवाल्यावर. तो बांबू घेऊन धावत आला, तोंड उतरलेलं. "आत्या, तुझी शपथ, एक सेकंद बी नाही गेली लाईन. मी पेटीपासून हललो नाही." कोणी त्याचं ऐकेना. तो फक्त माझ्याकडं पाहत होता. पोरगीही माझ्याकडं पाहत होती आता, आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

मी काय म्हणणार होती? खरं बोलली तर पोरगी गल्लीत खोटी, खोटं बोलली तर हा खोटा. मी म्हटलं, "त्याच्यावर कायले ओरडता? लाईट काय त्यानं घालवली? जे झालं ते झालं. चला, चहा मांडते." आणि उठली. चूल फुंकता फुंकता धुराच्या नावानं जेवढं रडून घेता आलं तेवढं घेतलं.

पोरगी गेली पुण्याले. पवनीच्या स्टँडवर मी तिले गाडीत बसवून दिलं, तिनं गळ्यात हात टाकला आणि सोडेचना. "मम्मी, चांगली लाईन लागली की येते मी परत." मी म्हटलं, "हो न, लागनच." टायवाला पोरगा पुन्हा येऊन गेला. गल्ली म्हणते, बदलून टाक, त्या केबलवाल्याच्या भरोशावर राहून पोरीले पुण्याले जावं लागलं. मी बदलली नाही. भंडाऱ्याचं सामान आल्यावर त्यानं ती वेगळी लाईनही लावून दिली, आणि पैसे घेईना. मी त्याच्या खिशात कोंबले आणि म्हटलं, "तुझी लाईन चांगली आहे रे. मले माहीत आहे." तो शिडी खांद्यावर टाकून गेला. त्याले समजलं का, कोणास ठाऊक. गल्लीपुढं मात्र मी ते अजून बोलली नाही.

रोज संध्याकाळी ती व्हिडिओ कॉल करते. खोली दाखवते, मैत्रिणी दाखवते, हसते. अशी हसताना मी तिले इथं पाहिली नव्हती, बाबा. कॉल ठेवताना विचारते, "नेट बरोबर चालते न आता?" मी म्हणते, "मधातमधात अटकते." भात शिजला की हा कागद चुलीत घालीन. तुम्ही म्हणाल, कंडक्टरले कान नसते, ऐकलं ते विसरून जा. विसरायचं पाहून राहिली. पण खरं तुम्हाले सांगते, लाईन कुठंच अटकत नाही. एवढी साफ आहे की माझा चेहरा तिले जसाच्या तसा दिसते, म्हणून घंटी वाजली की आधी तोंड धुवावं लागते.