क्रशरची आंघोळ

तीर्थरूप अप्पांना सोमेशचा शरणार्थ.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत न्हाई, म्हणून लिहून राहिलो. नायगावच्या खाणीवर मी मजेत हाय. जेवण चांगलं मिळतंय, अव्वाला तेवढं आधी सांगा.

दसऱ्याच्या पूजेसाठी आमच्या ऑपरेटर भागवतनं दगड फोडायचा क्रशर पाइप लावून धुतला. लई भक्तीनं धुतला, कानाकोपरा सोडला न्हाई. पाणी बेअरिंगमध्ये शिरलं अन् सगळं ग्रीस वाहून गेलं. नारळ मीच फोडला, पण बेअरिंग उघडून बघितलं न्हाई. मशिनींचा जिम्मा माझा, मग चूकही माझीच.

आता बेअरिंग तापून राहिलंय. नवीन यायला आठ दिवस लागतील. तोवर बंद ठेवू म्हणलो, तर मालक म्हणले, "रस्त्याची खडी अडलीय. तुम्हाला मशीन चालवायला ठेवलंय, बंद करायला न्हाई."

तासातासाला जाऊन हात लावून बघतो. भागवत तिथंच उभा असतो. तुटलं तर काय होईल, ते लिहीत न्हाई. मी जवळ दिसलो की तो बिनघोर असतो.

तुमचा गुडघा कसा हाय? देवणी गाय व्याली का?

अप्पा, बैल जरा लंगडला की तुम्ही त्याला भर पेरणीत जुवातून सोडायचे. कोणाला विचारायचे न्हाई. इथं भागवत मला रोज सकाळी विचारतो, "साहेब, चालू करू?"

अन् मी हाव म्हणतो.

तुमचं लेकरू,
सोमेश