बिया जाळाव्यात, शेजारीण शिव्या देईपर्यंत

तीर्थरूप कासिल्दामावशीस,

भाचा एलिहियो याचा नमस्कार. मॉन्तेर्रेच्या उन्हात तुझे गुडघे बरे असतील अशी आशा आहे. इकडे वाहाकात सर्व ठीक. (सर्व म्हणजे मी आणि आईच्या मिस्सेच्या जेवणासाठी पोसलेला टर्की. दोघांत प्रकृती टर्कीची चांगली आहे.) फोनवर मला सुचत नाही हे तू जाणतेस, म्हणून लिहितो. आज मला इतका आनंद झाला आहे की तो कुठे ठेवावा कळत नाही, आणि घरात सांगायला टर्कीशिवाय कोणी नाही.

आईला जाऊन या महिनाअखेरीच्या शनिवारी वर्ष होईल. चर्चमध्ये तिच्या नावाची मिस्सा-प्रार्थना झाल्यावर पानात तिचाच काळा मोले, तो मिरच्यांचा दाट रस्सा, पडला पाहिजे, नाहीतर तो तिच्याबरोबरच गेला असं समजायचं, हे तूच म्हणाली होतीस. मला ते वाक्य वर्षभर टोचत होतं. आजारपणात आईने सगळं सांगितलं होतं: मिरच्या कुठल्या, तीळ आणि बदाम कशात परतायचे, पिकलं केळं केव्हा तळायचं, चॉकलेट शेवटी का घालायचं. गाडी अडायची ती फक्त मिरच्यांच्या बियांपाशी. त्या तव्यावर जाळायच्या. किती, विचारलं तर म्हणायची, "काळ्या होईपर्यंत." आता कोळसाही काळाच असतो. तसं म्हटलं तर म्हणायची, "कळतं रे, उभं राहिलं की कळतं." मी जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढणारा माणूस. 'कळतं' या मापावर मला काम करता येत नाही.

पहिल्या खेपेला बिया लवकर उतरवल्या. गिरणीतून वाटण आलं ते विटकरी रंगाचं, गोडूस, एखाद्या सज्जन माणसासारखं. दुसऱ्या खेपेला थांबलो, जास्तच थांबलो, आणि राख झाली. (गिरणीवाल्याने पातेल्यात डोकावून विचारलं, "एलिहियो, हे खायचं आहे की पुरायचं?") त्या दिवशी चुलीपाशी बसून मी आई नेमकी कशी उभी राहायची ते आठवत होतो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. बिया पेटल्या की ती तव्याकडे बघतच नसे. ती भिंतीकडे कान लावून उभी असे. भिंतीपलीकडे लेओकादियाकाकू.

तुला काकू आठवत असतील. आईचं आणि त्यांचं मोलेच्या धुरावरून भांडण माझ्या जन्माच्याही आधीचं. क्रम ठरलेला: आधी खोकला, मग खिडकी धाडकन बंद, मग "एल्विरा, इथे माणसं राहतात, डुकरं नाहीत," आणि सर्वांत शेवटी, "सान लोरेन्सोला निखाऱ्यावर भाजलं तसं तुला भाजो." त्या हुतात्मा संताचं, सान लोरेन्सोचं, नाव निघालं की आई तवा खाली उतरवायची आणि म्हणायची, "झालं." मला लहानपणी वाटे, भांडण झालं. ती बियांबद्दल बोलत होती.

हे कळल्यावर मला बसवेना. तसाच उठलो, नव्या बिया तव्यावर टाकल्या आणि भिंतीला कान लावला. धूर झाला, डोळ्यांतून पाणी आलं, रस्त्यावरची कुत्री पळाली. पलीकडे चिडीचूप. मी वाट पाहत राहिलो आणि पुन्हा राख झाली. मग मनात भलतंच आलं. आमच्या धुराने काकूंना काही झालं तर नाही? धावत गेलो. काकू खुर्चीत बसलेल्या, तोंडावर ओली शाल दाबलेली, चेहरा पिकल्या मिरचीसारखा लाल. शाल काढून आधी पोटभर खोकल्या.

म्हणाल्या, "ज्या घरात माणूस गेलंय त्या घराला वर्षभर शिव्या देत नाहीत. एवढी रीत मला कळते. वर्ष भरू दे, रविवारी बघते तुझ्याकडे."

मावशी, माझी अडचण बघ. मिस्सा शनिवारी, मोले शुक्रवारी, आणि शिव्या रविवारी. मी हात जोडून म्हटलं, काकू, मला शिव्या द्या. त्या म्हणाल्या, "पोरक्या पोराला? देव बघतोय." मग मीच त्यांना डिवचायचं ठरवलं. पण हे काम मी कधी केलेलं नाही. बराच विचार करून म्हटलं, तुमच्या कुंड्या ओळीत नाहीत. काकूंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "तुझी आई हेच किती छान बोलायची. तिच्या तोंडून ऐकलं की आठवडाभर झोप लागायची नाही."

आज सकाळी पुन्हा बिया तव्यावर ठेवल्या, खिडकीशी गेलो आणि एक वाक्य बोललो. (ते वाक्य खाली येईल, आत्ता नको.) काकूंनी शाल फेकली. पहिली दोन-तीन वाक्यं धुरासाठी नव्हती, पण नळ एकदा सुटला की सुटला. त्यात खोकला मिसळला, बंद खिडकी उघडून पुन्हा आपटली, इथे माणसं राहतात की डुकरं हा प्रश्न आला, आणि मी तव्याचा कान धरून उभा. "सान लोरेन्सो तुला दोन्ही बाजूंनी भाजो, मेल्या!" मी तवा उतरवला. "झालं," असं तोंडून निघालं. कोणाच्या आवाजात निघालं ते मी लिहीत नाही.

वाटण काळंभोर उतरलं, नुसतं काळं नाही, चमकणारं. संध्याकाळी काकू दारात आल्या, बोट बुडवलं, चाटलं, पुन्हा एकदा बुडवलं. मग म्हणाल्या, "मीठ कमी आहे." आणि जाता जाता: "तिचंही कमीच असायचं."

तुझा आज्ञाधारक,
एलिहियो

ता. क. कृती सोबत जोडली आहे, तू सांगितलंस तशी, जपून ठेवण्यासाठी. बियांच्या जागी मात्र 'लेओकादियाकाकू' एवढंच लिहिलं आहे. मॉन्तेर्रेत ही वस्तू मिळणार नाही, म्हणून तुलाच यावं लागेल.

ता. क. २. आता ते वाक्य. मी म्हणालो, "कासिल्दामावशी म्हणते, तुमच्या लेकीच्या लग्नातला मोले म्हणजे विटा धुतलेलं पाणी, पाहुण्यांनी लाजेकाजेने गिळलं." तू असं कधी म्हणाली नाहीस, पण माझ्या नावावर ते कोणाला पटलं नसतं. आजचं वाटण चाखण्यापुरतंच होतं, सगळ्या जेवणाचा मोले शुक्रवारी व्हायचा आहे. तेव्हा मिस्सेला ये, पण गुरुवारीच ये, आणि तवा उतरेपर्यंत त्यांची माफी मागू नकोस. शनिवारी हवी तेवढी माग. (त्या लग्नात मी तो मोले दोनदा वाढून घेतला होता. हेही शनिवारपर्यंत आपल्यातच.)

ता. क. ३. पत्र टाकायला काकूच निघाल्या आहेत, म्हणून पाकीट दोनदा चिकटवलं आहे. तू कोणत्या बसने येतेस ते त्यांनी विचारलं. आमच्या स्वयंपाकघराकडची त्यांची खिडकी वर्षभर बंद होती. आता उघडी आहे.