बारीक दांडीचं मँडोलिन

१० फेब्रुवारी
मेव्हणीकडे जेवण. जेवणानंतर साडूने मँडोलिन काढलं. नेहमीचंच. (यापुढे या वहीत त्याला 'सूरसम्राट' म्हटलं जाईल.) वाजवून झाल्यावर मी सहज हातात घेतलं, तर पठ्ठ्याने ते काढून घेतलं, तारा रुमालाने पुसल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तर, ही बोटं कातरीलाच बरी." सगळे हसले. ही पण हसली. सासरे त्याला "वा" म्हणाले. एकोणीस वर्षं त्यांचे कोट मी शिवतोय, मला एकदाही वा नाही. 'खांद्यात बरा बसलाय' याच्यापुढे गाडी कधी गेली नाही.
सूड घेणार.

११ फेब्रुवारी
प्लॅन तयार. तीस एप्रिलला सासऱ्यांचा वाढदिवस. त्या दिवशी सूरसम्राटाचीच धून, त्याच्याच नाकासमोर, त्याच्याहून बारीक दांडीच्या मँडोलिनवर वाजवायची. त्याची दांडी मी काल एका नजरेत मापली आहे. टेलरची नजर आहे, चेष्टा नाही. हिने विचारलं, शिकवणार कोण? म्हटलं, अपमान शिकवेल.

१७ फेब्रुवारी
वाद्यांच्या दुकानात गेलो. म्हातारा दुकानदार माझा पंजा हातात घेऊन बराच वेळ बघत बसला. मग रुंद दांडीचं एक मँडोलिन पुढे केलं. म्हणाला, याच्या तारा जोडीजोडीने असतात, तुमची बोटं भरलेली आहेत, बारीक दांडीवर एक जोडी दाबायला जाल तर शेजारचीही दबेल. मी म्हटलं, ते बारीक दाखवा. दाखवलं, पण म्हणाला, हात सैल सोडून चांगलं पाच-दहा मिनिटं वाजवून बघा. मी कसला सैल सोडतोय! बोटं टोकावर उभी केली, श्वास रोखला आणि एक सूर काढला. स्वच्छ आला. म्हटलं, हेच बांधा.
माप देताना पोट आत ओढणारी गिऱ्हाइकं असतात. त्यांना मी मनातल्या मनात हसतो. कॉलरमध्ये दोन बोटं गेली पाहिजेत, हे त्यांना रोज कानीकपाळी ओरडून सांगतो. पण शर्ट वेगळा आणि सूड वेगळा.
हा दुकानदार सूरसम्राटाला सामील असावा.

४ मार्च
प्रगती उत्तम. एक जोडी दाबली की दोन दबतात. म्हणजे कमी कष्टात जास्त काम. डाव्या हाताची बोटं सुजली, त्यामुळे एका कोटाची काजं वाकडी गेली. गिऱ्हाईक तणतणत गेलं. याचाही वचपा सूरसम्राटावरच काढणार.

२१ मार्च
दुकानात सराव करत होतो. ही म्हणाली, तिथे कापडाची धूळ बसेल, दिवसा घरीच ठेवत जा. वाद्याची केवढी काळजी! तेव्हापासून एक गंमत बघतोय. संध्याकाळी घरी आलो की तारा आपोआप सुरात लागलेल्या असतात. वाद्य माझ्या हाताला रुळतंय.

५ एप्रिल
बोटं बारीक करण्यासाठी गोड बंद केलं. बोटं आहेत तेवढीच. पँट मात्र सैल झाली, ती आल्टर करण्यात सरावाची वेळ गेली.

१९ एप्रिल
दोष बोटांत नाही, दांडीत तर नाहीच. धून लांब आहे. तीन सूर ठेवून बाकीची कापून टाकली. सूरसम्राटाला निरोप पाठवला, तुमचंही वाद्य घेऊन या, सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे.

३० एप्रिल
झालं.
तीनातला पहिला सूर लागला. दुसऱ्याला शेजारची जोडी दबली, तिसऱ्याला बोट दांडीवरून घसरलं. सासऱ्यांनी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं. सूरसम्राट हसला असता तर बरं झालं असतं. त्याने आपलं मँडोलिन माझ्याशेजारी ठेवलं आणि दांडीवर आपला हात ठेवून दाखवला. बोटं माझ्याहून जाड. म्हणाला, मास्तर, मीही आधी हौसेने बारीकच घेतलं होतं, महिन्यात बदलून आणलं. एकोणीस वर्षांत त्या माणसाचा हात मी कधी नीट बघितलाच नव्हता.
तेवढ्यात हिने माझ्या मांडीवरचं वाद्य उचललं आणि ती धून वाजवली. अख्खी. बोटं कशी मोकळी फिरत होती! सूरसम्राट साथीला बसला. माहेरी असताना शिकलेली, आता रोज दुपारी हात फिरवत होती म्हणे. सासऱ्यांनी मशीन पुन्हा कानात घातलं, शेवटपर्यंत ऐकलं, आणि माझ्याकडे वळले.
"वा, जावईबापू. लेकीच्या हाताचं माप अचूक घेतलंत."
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, टेलरची नजर आहे.
घरी आल्यावर ही माझ्या बोटांना मलम लावत होती. विचारलं, दुपारी मलाही शिकवशील का? म्हणाली, शिकवते की, पण आधी तुमच्या मापाचं आणा.